दिवाळीची सुटी, मातीचा किल्ला आणि पालकांचे हात

सहामाही परीक्षा संपल्यापासून दुसरे सत्र सुरू होईपर्यंत महाराष्ट्रातील शाळांना मिळणारी दिवाळीची सुटी मे महिन्याच्या सुटीइतकी लांब नसते. परंतु लहान मुलांच्या संगोपनाच्या दृष्टीने तिची अडचण निराळीच आहे, कारण घरातील मोठी माणसे साफसफाई, फराळ, खरेदी आणि पाहुणे यांत आकंठ बुडालेली असतात, नेमकी तेव्हाच मुले पूर्ण मोकळी असतात. अशा ओढाताणीत मुलाला ‘कशात तरी गुंतवून ठेवावे’ असा विचार पालक करतात आणि त्यातून एक तर मुलाच्या हाती मोबाइल येतो किंवा बाजारातून कापून-आखून दिलेल्या तुकड्यांचा हस्तकलेचा संच घरात येतो. येथे ‘गुंतवणे’ आणि ‘गुंतणे’ या दोन क्रियापदांतील अंतर लक्षात घेणे आवश्यक आहे. गुंतवलेले मूल दुसऱ्याच्या सोयीने बसलेले असते, तर गुंतलेले मूल स्वतःच्या कामात बसलेले असते. संगोपनाच्या दृष्टीने मोलाची अवस्था ही दुसरी होय.

अशा गुंतण्यासाठी मराठी समाजाने एक साधन पिढ्यान्‌पिढ्या जपले आहे, ते म्हणजे दिवाळीतील मातीचा किल्ला. पुणे, सातारा, कोल्हापूर या भागांतील वाड्यांपासून मुंबईतील चाळींपर्यंत आणि कोकणातील अंगणांपर्यंत तो आढळतो. या किल्ल्याला मंत्र नाही, मुहूर्त नाही, नैवेद्य नाही. दिवाळीतील बहुतेक सर्व कृत्ये मोठ्यांच्या अधिकाराखाली होत असताना ही एक गोष्ट मात्र मुलांच्या मालकीची मानली गेली आहे आणि तिचे सारे शैक्षणिक मूल्य या मालकीत आहे. ती मालकी काढून घेतली की उरतो तो केवळ मातीचा ढीग.

किल्ल्याची रचना वरवर सोपी वाटते. विटा, दगड आणि फुटक्या कौलांचे तुकडे एकावर एक रचून डोंगराचा सांगाडा उभा करतात, त्यावर पातळ चिखलात बुडवलेले गोणपाट पसरतात आणि गोणपाटावर चाळलेल्या लाल मातीचा लेप हाताने देतात. प्रत्यक्षात यांतील प्रत्येक टप्प्यावर मुलाला पदार्थाच्या स्वभावाशी झगडावे लागते. चिखल सैल झाला तर तो उतारावरून ओघळतो, घट्ट राहिला तर गोणपाटाला धरत नाही. दगड नुसता ठेवला तर डुगडुगतो, फिरवून योग्य बाजूवर बसवला तर स्थिर होतो. आणि सकाळी गुळगुळीत लिंपलेला बुरूज दुपारच्या उन्हात भेगाळतो, तेव्हा त्या भेगांत पुन्हा पातळ माती बोटाने भरावी लागते. पायऱ्या पाडण्यासाठी जुनी लाकडी पट्टी लागते, परंतु ती ओल्या मातीत दाबली तर कड ढासळते आणि वाळलेल्या मातीत दाबली तर ढेकूळ उडते. माती अर्धवट ओली असतानाच पायरी नीट पडते, हे ज्ञान कोणत्याही सूचनापत्रकातून मिळत नाही, ते बोटांना कळावे लागते. बालशिक्षणात ज्यांना स्थूल आणि सूक्ष्म स्नायूंची कौशल्ये म्हणतात, म्हणजे उचलणे, ओढणे, थापणे ही सर्व शरीराची कामे आणि चिमटीत धरणे, कोरणे, टोचणे ही बोटांची कामे, ती दोन्ही येथे एकाच दिवसात आणि एकाच हेतूने घडतात.

किल्ला हा भिन्न वयांच्या मुलांचा एकत्रित उद्योग असतो, ही बाबही तितकीच महत्त्वाची आहे. शाळेच्या वर्गात एकाच वयाची मुले शेजारी बसतात, तर किल्ल्यावर बारा वर्षांची ताई नकाशा ठरवते, आठ वर्षांचा दादा दगड रचतो आणि तीन-चार वर्षांचे धाकटे मूल माती चाळते व पाणी शिंपडते. धाकट्याला दिलेले काम खरोखर गरजेचे असते, त्याचे मन राखण्यासाठी काढलेले नसते आणि लहान मुलांना हा फरक अचूक कळतो.

किल्ल्यावरील पाण्याची सोय हा मुलांच्या कल्पकतेचा खास विषय होय. तळे करताना खड्डा खणून त्यात पाणी ओतले, तर माती ते क्षणात पिऊन टाकते. म्हणून नारळाची करवंटी मातीत काठापर्यंत पुरतात आणि तिच्या कडेला ओली माती थापून ती झाकतात. कारंज्यासाठी सलाईनच्या नळीचा उपयोग करण्याची पद्धत मराठी मुलांमध्ये फार जुनी आहे. किल्ल्याच्या मागे उंचावर डबा ठेवायचा, त्यातून निघालेली नळी मातीखालून आणायची आणि तिचे तोंड बारीक करून खालच्या तळ्यात उभे करायचे, इतकी ती रचना साधी असते. परंतु डबा खाली आणला की कारंजे बसते आणि वर उचलला की उसळते, हे डोळ्यांनी पाहणाऱ्या मुलाला पाण्याच्या पातळीचा नियम पाठ्यपुस्तकात येण्यापूर्वीच परिचयाचा झालेला असतो. नळी मात्र रुग्णालयात वापरून टाकलेली नसावी. माशांच्या टाकीसाठी मिळणारी नवी नळी तेच काम करते आणि तिची किंमतही किरकोळ असते.

अळीव पेरण्याचा भाग विस्ताराने पाहण्यासारखा आहे. बाळंतिणीच्या लाडवांमुळे घरोघरी ठाऊक असलेले हे तांबूस, बारीक बी पाण्यात पडताच भोवती बुळबुळीत, चिकट आवरण धरते आणि या आवरणामुळेच ते किल्ल्याच्या उभ्या उतारावरही घसरून न पडता मातीला चिकटून राहते. मोहरी गोल असल्याने घरंगळते, गहू उंच वाढून तटबंदी झाकून टाकतो, म्हणून अनुभवी मुले उतारावर अळीव आणि पायथ्याच्या शेतात मोहरी किंवा नाचणी पेरतात. अळीव एक-दोन दिवसांत फुटते आणि चार-पाच दिवसांत हिरवागार गालिचा तयार होतो. तेव्हा नरकचतुर्दशीच्या पहाटे किल्ला हिरवा दिसावा असे वाटत असेल, तर पेरणी नवमी-दशमीला व्हायला हवी आणि लिंपण त्याच्याही आधी वाळायला हवे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर बोट ठेवून असे उलटे दिवस मोजणारे मूल नियोजन शिकत असते, कारण येथे उशीर झाल्याची शिक्षा कोणी माणूस देत नाही, ती बी देते. पाणी तांब्याने ओतले तर उतार वाहून जातो, हाताने शिंपडले तर टिकतो, हेही पहिल्याच दिवशी समजते. ज्या काळात मुलांना हवी ती वस्तू आणि हवे ते चित्र बोट टेकवताच समोर मिळते, त्या काळात सकाळी उठून अंगणात धावत जाणे, काहीच उगवलेले नाही असे पाहून परत येणे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाणे, ही प्रतीक्षा दुर्मीळ झाली आहे आणि ती मुलांपासून हिरावून घेऊ नये.

हाताने शिकण्याचा हा विचार शिक्षणशास्त्रात नवा नाही. फ्रेडरिक फ्रोबेल याने 1837 साली जर्मनीतील ब्लांकेनबुर्ग येथे सुरू केलेल्या बालशिक्षणाच्या प्रयोगात मातीकाम, कागदाच्या घड्या आणि विणकाम यांना ‘उद्योग’ म्हणून मानाचे स्थान दिले होते. महाराष्ट्राच्या दृष्टीने मात्र ताराबाई मोडक यांचे काम अधिक जवळचे आहे. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगर येथे काम केलेल्या ताराबाईंनी 1945 साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र उभे केले, अनुताई वाघ यांच्या साथीने पुढे ते कार्य कोसबाडच्या टेकडीवर नेले आणि माँटेसरी पद्धतीची महागडी साधने गरीब वस्तीत परवडणार नाहीत हे ओळखून बिया, शंख-शिंपले, खडे, पाने अशा परिसरात सहज मिळणाऱ्या वस्तूंना बालवाडीची साधने केले. त्यांनी घेतलेला हा निर्णय केवळ काटकसरीचा नव्हता. मुलाच्या ओळखीच्या वस्तूतून त्याची बुद्धी अधिक मोकळेपणाने चालते, ही जाण त्यामागे होती. दिवाळीच्या किल्ल्यात हीच जाण कोणी न शिकवता वापरली जाते.

पालकांनी यात किती हात घालावा, हा खरा प्रश्न आहे. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की (1896-1934) याने ‘निकट विकासाचे क्षेत्र’ ही संकल्पना मांडली. मूल एकट्याने जे करू शकते आणि जाणत्याच्या मदतीने जे करू शकते, त्या दोहोंमधील पट्टा म्हणजे हे क्षेत्र, आणि शिकणे प्रामुख्याने याच पट्ट्यात घडते. जेरोम ब्रूनर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1976 साली या मदतीला बांधकामाच्या परांचीची उपमा दिली. इमारत चढत असताना गवंड्याला परांची लागते, परंतु भिंत उभी राहिली की ती सोडवून घ्यावी लागते, आणि परांची म्हणजे इमारत नव्हे. किल्ल्याच्या बाबतीत याचा अर्थ इतकाच की, जड दगड मोठ्यांनी उचलून द्यावा, पण तो कोठे ठेवायचा हे मुलाने सांगावे. बुरूज कोसळला तर ‘सांगितले होते ना’ असे न म्हणता ‘कोणत्या बाजूने पडला?’ असे विचारावे. आणि किल्ल्यावर मांडलेल्या शिवाजी महाराजांच्या मूर्तीपेक्षा वाघ मोठा झाला, शिपायाच्या शेजारी खेळण्यातली मोटार उभी राहिली किंवा बुरुजावर विमान उतरले, तरी ते सुधारण्याचा मोह टाळावा. प्रमाणाची जाण वयानुसार येते आणि ती मुलाला स्वतःला खटकेल तेव्हाच त्याची होते.

या संदर्भात किल्ल्यांच्या स्पर्धांविषयी स्पष्ट बोलणे योग्य ठरेल. चांगल्या हेतूने भरवलेल्या स्पर्धांतही परीक्षक येणार म्हटल्यावर वडील बाह्या सरसावून पुढे होतात, रंग विकत येतात, दिव्यांची माळ सोडली जाते आणि मुले हळूहळू कडेला उभी राहून पाहू लागतात. असा किल्ला दिसायला देखणा होतो, परंतु तो त्या मुलांचा राहत नाही.

ज्ञान देण्याची जागा मात्र पालकांसाठी मोकळी आहे आणि ती भरपूर मोठी आहे. बालेकिल्ला म्हणजे गडाचा सर्वांत उंच, शेवटपर्यंत लढवायचा भाग. माची म्हणजे त्याखालची तटबंद सपाटी. जंग्या म्हणजे तटातून बाहेर मारा करण्यासाठी ठेवलेली छिद्रे: हे शब्द मूल हाताने त्या वस्तू घडवत असताना कानावर पडले, तर पाठ करावे लागत नाहीत. राजगडाला पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या आहेत, हे सांगितले की मुलाच्या किल्ल्याला आपोआप तीन सोंडा फुटतात. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड दडवलेला आहे, त्यामुळे वाट अगदी जवळ येईपर्यंत शत्रूला दार दिसत नाही आणि दारावर धडक देण्यासाठी मागे सरकायला जागा उरत नाही. या रचनेला गोमुखी बांधणी म्हणतात. हे ऐकलेले मूल आपले दर्शनी दार मोडून ते वळणाआड नेते, तेव्हा ते सतराव्या शतकातील स्थपतीचा विचार स्वतः करून पाहत असते. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांतील अकरा महाराष्ट्रात आहेत आणि बारावा जिंजी तमिळनाडूत आहे. दरवर्षी त्यांतील एकेक किल्ला निवडला, तर मुलाचे बालपण संपेपर्यंतही यादी संपणार नाही.

शहरातील सदनिकांमध्ये अंगण नाही, ही अडचण खरी आहे. तिच्यावर उपाय म्हणून प्लास्टरचे तयार किल्ले विकले जातात, ते आणून ठेवण्यात मुलाच्या वाट्याला काहीच येत नाही. त्यापेक्षा गॅलरीत जुन्या पाटावर किंवा घमेल्यात, रिकाम्या कुंड्यांतील मातीचा दोन फुटांचा किल्ला पुरेसा होतो. त्यावर बुरूज दोनच बसतील, परंतु अळीव तितकेच हिरवे उगवेल. पावसाळी हवेमुळे बाहेर काम करता येत नसेल, तर कामट्या, पतंगी कागद आणि कणकेची खळ घेऊन आकाशकंदील करावा. सहा-सात वर्षांच्या मुलाला कामट्यांचा सांगाडा बांधणे जमत नाही, पण कागदाच्या करंज्या चिकटवणे आणि झिरमिळ्या कातरणे उत्तम जमते. कागद थोडा चुरगळतो, खळीचे डाग राहतात. आत दिवा लागल्यावर ते डागही दिसतात आणि दिसू द्यावेत.

किल्ला मोडण्याचा दिवसही मुलांनाच ठरवू द्यावा. अनेक घरांत तो तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवतात. शेवटी त्यात फटाके पुरून तो उडवण्याची टूम मुलांना अतिशय प्रिय असते, परंतु फुटलेल्या विटांचे आणि कौलांचे तुकडे डोळ्यांपर्यंत उडतात, म्हणून येथे मोठ्यांनी ठामपणे नाही म्हणावे. हाताने मोडतानाही पाहण्यासारखे पुष्कळ असते. पिवळे पडू लागलेले अळीव ओढले की मुळांनी घट्ट धरलेला मातीचा थर गोधडीसारखा सलग सुटून येतो, त्याखाली गोणपाट कुजू लागलेले असते आणि दगडांच्या फटीत एखादा गोगलगायीचा शंख सापडतो. माती कुंड्यांत परत जाते, विटा जिन्याखाली रचल्या जातात आणि शिपाई, हत्ती, तोफा वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात ठेवल्या जातात. त्या खोक्यात, किल्ल्याचा जो नकाशा वहीच्या पानावर काढलेला असतो तोही घालून ठेवावा, कारण पुढच्या वर्षी खोके उघडल्यावर मूल सर्वांत आधी तो कागद काढते आणि आपले दार गेल्या वर्षी कोणत्या बाजूला होते ते पाहते.