साखरेची रोजकीर्द
(१९८४ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू पतपेढीत तीस वर्षं काढलीस, निवृत्तीच्या गुंतवणुकीवर पंधरा मिनिटं बोल." मी म्हटलं, पैशावर बोलणारे आपल्यात पुष्कळ आहेत, मी साखरेवर बोलतो. मघाशी जेवताना मी मोजलं. श्रीखंडाला 'नको' म्हणणारे अकरा जण होते. 'नको, नको' म्हणत वाटी पुढे करणारे वेगळे! तेव्हा विषय कुणाला परका नाही.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. मी हिशेबनीस आहे. रोजकीर्द आणि खतावणी यांत माझं आयुष्य गेलं. संध्याकाळी रोकड दहा रुपयांनी जुळली नाही तर ती जुळेपर्यंत मी चिपळूणची शेवटची गाडी सोडली आहे. अशा माणसाने जन्मात एकच हिशेब खोटा लिहिला, तो स्वतःच्या रक्तातल्या साखरेचा. त्याची ही गोष्ट.

आमच्या घरात मधुमेह वडिलांपासून आला. आपण आठवीत होतो तेव्हा आमच्या पडवीत सकाळी स्पिरिटचा दिवा पेटायचा. वडील परीक्षानळीत बेनेडिक्टचं निळं द्रावण पाच मिली घ्यायचे, लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि नळी उकळायचे. निळं राहिलं तर ठीक. मग हिरवं, पिवळं, नारिंगी असं चढत जाऊन विटकरी झालं की आई गप्प व्हायची. परीक्षानळी फुटली तेव्हा आपल्या विज्ञानाच्या सरांनी प्रयोगशाळेतली एक जुनी नळी दिली होती. सर, तुम्हाला आठवत नसेल, आमच्या घरी अजून आठवण काढतात.

पण त्या तपासणीत एक मोठी खोट होती. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मगच ती लघवीत उतरते. म्हणजे नळीला कळायची ती काही तासांपूर्वीची गोष्ट, तीही साखर खूप चढल्यावरची. आणि साखर खाली घसरली तर? नळी निळीच राहायची. घसरलेली साखर दाखवण्याची सोयच तिच्यात नव्हती.

मला २००९ साली मधुमेह निघाला आणि २०१७ मध्ये रात्रीचं इन्सुलिन सुरू झालं. तेव्हा डॉक्टरांनी घरी ग्लुकोमीटर घ्यायला सांगितला. हे यंत्र साधं आहे. पट्टीवर एक विकर असतं, रक्तातल्या साखरेशी त्याची क्रिया झाली की अगदी सूक्ष्म वीज निर्माण होते, मीटर ती मोजतो आणि पाच-दहा सेकंदांत आकडा दाखवतो. सुरुवातीला अशी यंत्रं फक्त डॉक्टरांसाठी होती, रुग्णाने स्वतः वापरायची नव्हती. अमेरिकेत रिचर्ड बर्नस्टीन नावाचे एक इंजिनियर होते, लहानपणापासून मधुमेही. त्यांची पत्नी डॉक्टर होती. १९६९ च्या सुमारास त्यांनी तिच्या नावावर असं यंत्र मिळवलं आणि घरी स्वतःची साखर दिवसातून अनेक वेळा मोजायला लागले. पुढे ते स्वतःच डॉक्टर झाले. माणसं ज्या यंत्रासाठी अशी धडपडली, ते माझ्या कपाटात होतं, आणि मी त्याला हात लावत नव्हतो.

कारणं सांगायला माझ्याकडे पुष्कळ होती. पट्ट्या महाग आहेत, बोट दुखतं, सकाळी घाई असते. खरं कारण वेगळं होतं. मीटरवर २४० आकडा आला की मला आठवीचं प्रगतिपुस्तक आठवायचं, गणिताखाली लाल रेघ असलेलं. आकडा म्हणजे गुण, आणि मी नापास, अशी माझी समजूत होती. नापास व्हायचं नसेल तर सोपा उपाय म्हणजे परीक्षेलाच बसायचं नाही!

पण डॉक्टरांना वही दाखवायची असायची. मग जायच्या आदल्या रात्री मी महिन्याची वही एका बैठकीत लिहायचो. अनुभवी माणूस मी, हिशेब पटेल असाच लिहिला. उपाशीपोटीची साखर अगदी छान दाखवली तर संशय येईल, म्हणून १४८, १६२, १५५ असे आकडे टाकले. मधे एखादा १७१, घरी लग्न होतं असं दाखवायला.

२०१८ च्या पावसाळ्यात डॉक्टरांनी ती वही पाहिली आणि म्हणाल्या, "सकाळची साखर सारखी दीडशेच्या वर दिसते. रात्रीचं इन्सुलिन १४ युनिटवरून १८ करू या." मी मान डोलावली. आता खरी परिस्थिती ऐका. मुलीच्या आग्रहाने मी दोन महिने संध्याकाळी चालत होतो आणि रात्री भात सोडून एकच भाकरी खात होतो. माझी सकाळची खरी साखर शंभरच्या आसपास आलेली असणार. ते मला माहीत नव्हतं, कारण मी मोजतच नव्हतो.

चौथ्या रात्री तीनच्या सुमारास माझा सदरा घामाने भिजलेला हाताला लागला म्हणून सौ. जागी झाली. ती "अहो, उठा" म्हणत होती आणि मी म्हणे तिला सांगत होतो, "किल्ल्या दे, तिजोरी उघडायची आहे." मला यातलं काही आठवत नाही. तिने मीटर कधी वापरला नव्हता, मला चार-पाच वेळा वापरताना पाहिलं होतं तेवढंच. थरथरत्या हाताने तिने माझं बोट टोचलं. आकडा आला ४१.

मी शुद्धीवर होतो, गिळू शकत होतो, म्हणून तिने तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटांनी ६३. पुन्हा तीन चमचे. पुन्हा पंधरा मिनिटांनी ९८. मग मला समोरची माणसं ओळखू आली आणि मी पहिला प्रश्न विचारला, "तू रडतेस कशाला?"

सकाळी आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त मीटर मागितला आणि एक बटण दाबलं. मित्रांनो, या यंत्राला स्मरणशक्ती असते. तारीख आणि वेळेसकट सगळे आकडे त्यात राहतात. महिन्यात सहा नोंदी होत्या, माझ्या वहीत साठ. त्यांनी वही पुन्हा उघडली आणि विचारलं, "महिनाभर एकच पेन वापरता का हो?" मी खाली बघितलं. मग त्या जे बोलल्या ते मी जन्मभर विसरणार नाही. त्या म्हणाल्या, "म्हणजे मी औषध वहीला दिलं, तुम्हाला नाही."

त्या दिवशी मला आपले गणिताचे सर आठवले. सर नेहमी सांगायचे, उत्तर चुकलं तरी चालेल, पण कच्चं काम खोडू नका, चूक कुठे झाली ते मला त्यातूनच कळतं. चाळीस वर्षांपूर्वी फळ्यासमोर ऐकलेलं ते वाक्य मला दवाखान्याच्या बाकावर समजलं. मीटरवरचा आकडा हे कच्चं काम आहे. ते गुण नव्हेत.

आता मी काय करतो ते सांगतो. हे माझं वेळापत्रक आहे. किती वेळा आणि केव्हा मोजायचं ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. इन्सुलिन घेणाऱ्याला जास्त वेळा मोजावं लागतं, काही गोळ्यांवर असणाऱ्याला बरंच कमी पुरतं.

मी रोज सकाळी उपाशीपोटी मोजतो. शिवाय आठवड्यातून दोनदा एखाद्या जेवणाची जोडी घेतो, म्हणजे जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा. नुसता एक आकडा काही बोलत नाही, जोडी बोलते. भरल्या ताटलीभर पोह्यांनी माझी साखर ११८ वरून २३२ वर गेली. अर्धे पोहे आणि बरोबर वाटीभर मटकीची उसळ घेतली त्या दिवशी १७१ वर थांबली. डॉक्टरांनी मला दिलेलं लक्ष्य उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत असं आहे. ७० च्या खाली गेलो तर बाकी सगळं सोडून आधी साखर खायची.

आपण कोकणातले, म्हणून आंब्याचं सांगायलाच हवं. एकदा मे महिन्यात आकडा आला ३८६! सौ. घाबरली. मग लक्षात आलं की मी नुकताच हापूस चिरून उठलो होतो आणि हात फडक्याला पुसले होते. साबणाने हात धुऊन, कोरडे करून पुन्हा मोजलं, १४८. साखर बोटावर होती, रक्तात नव्हती. तेव्हापासून धुतल्याशिवाय बोट टोचत नाही. आणि आंबा सोडलेला नाही. दुपारचा भात सोडला की दोन फोडी मला चालतात, हे मला कुणा शहाण्याने सांगितलेलं नाही, जोडीच्या आकड्यांनी सांगितलं.

आणखी बारीकसारीक गोष्टी. बोटाच्या मधोमध टोचू नका, कडेला टोचा, दुखणं निम्मं होतं. रक्त येत नसेल तर बोट पिळू नका, हात खाली सोडून थोडा हलवा. आपल्याकडच्या पावसात पट्ट्यांची डबी उघडी राहिली तर पट्ट्या दमट होतात आणि भलतेच आकडे देतात, म्हणून पट्टी काढली की झाकण लगेच लावा. मुदतीची तारीख बघा. टोचणी एकमेकांची वापरू नका, नवराबायकोनेसुद्धा. वापरलेल्या टोचण्या झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवा, कचरा उचलणाऱ्याच्या हाताला लागतात. आणि १४० नंतर लगेच १५२ आला म्हणून मीटरला शिव्या देऊ नका. शंभराच्या वरच्या आकड्यांत घरच्या मीटरमध्ये पंधरा टक्क्यांपर्यंतचा फरक मानकातच धरलेला आहे. आमच्या पतपेढीत असा फरक चालला नसता, पण इथे चालतो.

तीन महिन्यांनी एचबीए१सी करतो. माझ्या भाषेत सांगायचं तर मीटर ही रोजकीर्द आणि एचबीए१सी हा तिमाही ताळेबंद. ताळेबंद चांगला दिसतो तेव्हासुद्धा आत चढउतार लपलेले असू शकतात, म्हणून एकावाचून दुसरं पुरत नाही.

याचा मोल मला २०२१ च्या जुलैत कळलं. २२ तारखेला चिपळुणात पाणी शिरलं ते तुमच्यापैकी अनेकांनी भोगलं आहे. आम्ही माळ्यावर चढताना एकच पिशवी उचलली होती. तिच्यात मीटर, पट्ट्या, इन्सुलिन, ग्लुकोजची पुडी आणि वही होती. जेवणाचा पत्ता नव्हता, वीज नव्हती, फोन लागत नव्हता. अशा वेळी नेहमीचं १४ युनिट इन्सुलिन घेतलं असतं तर ती तीन वाजताची रात्र पुन्हा आली असती, आणि तीही पाण्याने वेढलेल्या माळ्यावर. पण डॉक्टरांनी माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर आधीच लिहून ठेवलं होतं, जेवण नसेल आणि आकडा इतका असेल तर किती कमी घ्यायचं. ते पान त्या लिहू शकल्या, कारण आधीची पानं खरी होती.

शेवटी एवढंच मागणं आहे. तुमच्या घरी कुणी इन्सुलिनवर किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्यांवर असेल, तर घरातल्या दुसऱ्या एका माणसाला मीटर शिकवून ठेवा. घाम, थरथर, धडधड, अचानक भूक, चिडचिड, असंबद्ध बोलणं अशी लक्षणं दिसली की मोजा. मोजायला साधन नसेल तर थांबू नका, तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि तडक दवाखाना गाठा. माझ्या घरी ही शिकवणी झालेली नव्हती. सौ.ने नुसतं बघून शिकून घेतलं, म्हणून मी आज तुमच्यासमोर उभा आहे.

माझी वही मी बरोबर आणली आहे. तिच्यात २१० आहे, २६४ आहे, आणि श्रीखंडामुळे आज रात्री आणखी एक आकडा पडणार आहे. चार रंगांची पेनं आहेत, खाडाखोड आहे, एका पानावर चहाचा डाग आहे. सर, कार्यक्रम संपला की ती तुमच्याकडे तपासायला देतो. लाल शाईने तपासलीत तरी चालेल.