मनाच्या औषधाचा पोटांतील प्रवास

छत्रपति संभाजीनगरचा नान-खलिया ज्यांनीं खाल्ला आहे, त्यांना रश्श्यावर तरंगणारी तांबडी तर्री ठाऊक असेलच. पळीनें कितीही ढवळा, थोड्या वेळानें तेल पुन्हा वर येतेंच. तेल आणि पाणी यांचें हें वैर ताटांत शोभून दिसतें. मनोविकारांच्या कित्येक औषधांना मात्र तें फार बाधक होतें.

मेंदूंत शिरण्यासाठीं औषधाचें स्निग्ध पदार्थांशीं सख्य असावें लागतें. पण असें औषध आंतड्यांतील पाण्यांत नीट विरघळत नाहीं, म्हणून रक्तांतही पुरेसें शिरत नाहीं. शिवाय आंतड्यांतून निघालेलें रक्त प्रथम यकृतांतून जातें आणि तेथें औषधाचा आणखी कांहीं भाग नष्ट होतो. छिन्नमनस्कतेवर देण्यांत येणारें लुरासिडोन हें याचें उदाहरण होय. त्याच्या मात्रेपैकीं शेंकडा 9 ते 19 एवढाच अंश शोषला जातो. तें किमान 350 कॅलरींच्या जेवणाबरोबर घ्यावें असा नियम आहे; कारण उपाशीपोटीं रक्तांत पोंचणारें औषध सुमारें निम्म्यावर येतें.

आतां जालना, बीड अथवा परभणीकडील खेड्यांतून घाटी रुग्णालयांत येणारा एखादा रुग्ण डोळ्यांपुढें आणावा. पहाटेची एस्. टी. गांठावयाची, म्हणून तो नुसत्या चहावर गोळी घेऊन निघतो. असें वारंवार झालें म्हणजे आजार उलटतो. घरचीं माणसें म्हणतात, औषध लागू पडत नाहीं. गोळी नेमानें घेतली आहे, हें मात्र खरेंच असतें.

यावरील एक उपाय म्हणजे नॅनोइमल्शन. औषध तेलांत विरघळवून, तेल व पाणी या दोहोंशीं जुळणारा साबणासारखा एक पदार्थ त्यांत मिसळतात आणि त्या तेलाचे अतिसूक्ष्म थेंब करतात. त्यांचा व्यास साधारण 20 ते 200 नॅनोमीटर असतो. एका मिलिमीटरांत असे 10 लक्ष नॅनोमीटर असतात. एक मिलिमीटर व्यासाचा थेंब 100 नॅनोमीटरच्या थेंबांत विभागला, तर एक लक्ष कोटी थेंब होतात आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग दहा हजार पट वाढतो. तितकीच औषधाला बाहेर पडण्यास जागा मिळते. योग्य तेल निवडल्यास औषधाचा कांहीं भाग लसिकावाहिन्यांतून, यकृताला वळसा घालून, रक्तांत जातो. जेवणांतील स्निग्धांश जें काम करतो, तें अशा रीतीनें औषधाबरोबरच पोटांत जातें.

याच तत्त्वावरील सायक्लोस्पोरीनची कॅप्सूल 1990 नंतरच्या दशकांत मूत्रपिंडरोपणाच्या रुग्णांसाठीं प्रचारांत आली. मनोविकारांच्या औषधांवरील असे प्रयोग मात्र बहुतांशीं प्रयोगशाळेंत व प्राण्यांवरच झाले आहेत. थेंब कालांतरानें एकमेकांत मिसळून मोठे होतात, आणि मराठवाड्याच्या चाळीस अंशांच्या उन्हाळ्यांत ही अडचण वाढते. मिसळलेल्या पदार्थाचें प्रमाण अधिक झालें तर आंतड्यांना त्रास होतो. दुकानांत स्वस्त व टिकाऊ औषध येण्यापूर्वीं हे प्रश्न सुटावयास हवेत.

तोंवर घरच्यांच्या हातीं एक गोष्ट आहे. गोळी केव्हां व कशाबरोबर घ्यावयाची, हें डॉक्टरांना स्पष्ट विचारून घ्यावें. कारण सर्वांचा नियम एक नाहीं. ॲसेनापीन जिभेखालीं ठेवावें लागतें आणि पुढें दहा मिनिटें कांहीं खावयाचें-प्यावयाचें नसतें. लुरासिडोन घेणाऱ्यास मात्र भाकरी, वरण व भाजी असें पोटभर ताट वाढावें, आणि त्याच बैठकींत गोळी हातावर ठेवावी. प्रवासाच्या दिवशीं तर शिदोरीची आठवण प्रथम करावी.