वजनकाटा सगळं सांगत नाही

गेल्या वर्षी ऑफिसच्या चेकअपमध्ये माझी कंबर ९६ सेंटिमीटर, ट्रायग्लिसराइड्स २१०, उपाशीपोटी साखर १०८ निघाली. ही तीन, शिवाय बीपी आणि एचडीएल. या पाचांपैकी तीन बिघडले की मेटाबॉलिक सिंड्रोम. वय २८!

आधी किटो केलं. वजन भराभर उतरलं, ट्रायग्लिसराइड्सही. पण एलडीएल चढलं. ते या पाचांत नसतंच, वेगळं बघावं लागतं. किटो सोडलं, वजन परत आलं.

मग साधं केलं: गोड चहा बंद, भात अर्धा, उसळ दुप्पट, जेवणानंतर चालणं. सहा महिन्यांत ८४ चे ७८ किलो. एवढ्यावर साखर ९६, ट्रायग्लिसराइड्स १४०. कंबर मात्र ९१. आपल्याकडे पुरुषांची मर्यादा ९०, बायकांची ८०. म्हणजे एक बग अजून ओपन आहे.

तेव्हा नुसत्या काट्यावर जाऊ नका. टेप काढा, आजच कंबर मोजा.