खाते बदलते, कर्तव्य कोठे जाते?



सरकारी खात्यांची फेररचना हा आजचा विषय ऐकून आपल्यापैकी पुष्कळांना वाटले असेल की, हा सचिवांचा आणि मंत्र्यांचा विषय. आपला त्याच्याशी काय संबंध? वकिली सुरू केली तेव्हा माझेही मत असेच होते. कायदा महाविद्यालयात आम्ही मूलभूत हक्कांची कलमे पाठ केली. परंतु हक्काचा कागद कोणत्या टेबलावर पडून राहतो हे तेथे कोणी शिकविले नाही. ते पुढे अशिलांनी शिकविले.

काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. तिने एका कार्यालयात शिष्यवृत्तीचा अर्ज केला होता. मध्यंतरी त्या कार्यालयाचे दोन भाग झाले. जुन्या कार्यालयाने सांगितले, "हे काम आता आमच्याकडे नाही." नव्याने सांगितले, "तुमची फाईल आमच्याकडे आलेली नाही." दोन्ही उत्तरे खरी होती! दोन्ही कार्यालये एकाच इमारतीत, मध्ये केवळ एक जिना. त्या जिन्यावर तिचे अर्धे वर्ष गेले.

हे असे का होते, ते पाहा. केंद्रात घटनेच्या ७७ व्या आणि राज्यात १६६ व्या कलमान्वये कामकाजाच्या वाटणीचे नियम केले जातात. केंद्राची ही नियमावली १९६१ सालची आहे. तीत दुरुस्ती करून सरकार खाती जोडू शकते, तोडू शकते. त्यासाठी संसदेपुढे विधेयक आणावे लागत नाही. आपलेच उदाहरण घ्या. अनुसूचित जातींच्या विकासाचे काम १९८५ साली गृह मंत्रालयाकडून कल्याण मंत्रालयाकडे गेले. १९९८ साली त्या मंत्रालयाचे नाव सामाजिक न्याय व अधिकारिता असे झाले. १९९९ साली आदिवासींचे काम आणि २००६ साली अल्पसंख्याकांचे काम त्यातून निघून स्वतंत्र मंत्रालयांकडे गेले. यात वाईट काही नाही; आदिवासींचे प्रश्न निराळे आहेत, त्यांना निराळे मंत्रालय हवेच होते. माझा प्रश्न पाटीचा नाही. कर्तव्य, माणसे, पैसा आणि कागद ही चारही बरोबर गेली काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

ती बरोबर गेली नाहीत म्हणजे काय होते, याचा दाखला आपल्याच इतिहासात आहे. १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी एक अधीक्षक मागितला होता. त्याचा दर्जा महालेखापरीक्षकासारखा असावा आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला ज्या रीतीने काढता येते त्याच रीतीने त्याला काढता यावे, अशी ती मागणी होती. घटनेच्या ३३८ व्या कलमाने जो विशेष अधिकारी दिला, त्याला हे कवच मिळाले नाही. १९५० साली अनुसूचित जाती-जमातींचे आयुक्त म्हणून तो कामाला लागला. देशभर त्याच्या हाताखाली १७ प्रादेशिक कार्यालये उभी राहिली. तक्रार आली की चौकशीला माणूस जाई.

१९६७ साली ही सतराही कार्यालये आयुक्तांकडून काढून मागासवर्ग कल्याण महासंचालनालय या नव्या यंत्रणेखाली घालण्यात आली. हे महासंचालनालय समाजकल्याण खात्याचे होते. घटनेतले एक अक्षर बदलले नाही. आयुक्त कायम, राष्ट्रपतींना अहवाल देण्याचे त्यांचे कर्तव्य कायम. गेले ते हातपाय. ज्या सरकारी कारभारावर आयुक्तांनी नजर ठेवायची, त्याच कारभाराचा भाग ती कार्यालये झाली. कोर्टाने नेमलेल्या कमिशनरचा कारकून प्रतिवादीच्या पगारावर ठेवावा, तसाच हा प्रकार झाला!

पुढे १९७८ साली भोला पासवान शास्त्री यांच्या अध्यक्षतेखाली आयोग आला; पण तोही सरकारी निर्णयाने नेमलेला. १९८७ साली दुसऱ्या ठरावाने त्याची कामे बदलून तो सल्लागार मंडळ झाला. ठरावाने आलेले ठरावाने बदलते, यात नवल नाही. १९९० च्या ६५ व्या घटनादुरुस्तीने आयोगाला घटनेत स्थान मिळाले. दिवाणी न्यायालयाप्रमाणे साक्षीदार बोलावण्याचे व कागद मागविण्याचे अधिकार मिळाले. त्यानुसार पहिला आयोग १९९२ साली बसला. १९६७ पासून मोजा: पंचवीस वर्षे! २००४ साली अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती यांचे आयोग वेगळे झाले. ते मात्र ८९ व्या घटनादुरुस्तीने, म्हणजे संसदेत चर्चा होऊन.

कोणी म्हणेल, कारभार बदलताना थोडी गैरसोय व्हायचीच. मला हे मान्य नाही. १९५६ साली राज्यांच्या सीमा बदलल्या तेव्हा कायद्यानेच सांगितले की, एखाद्या अधिकाऱ्यापुढचे प्रकरण सर्वस्वी दुसऱ्या राज्यात गेलेल्या भागाचे असेल, तर ते तेथील तत्सम अधिकाऱ्याकडे वर्ग झाले असे समजावे. पक्षकाराने नव्याने अर्ज करण्याचे कारण नाही. नोकरांच्या सेवाशर्तीही केंद्राच्या पूर्वसंमतीवाचून त्यांना प्रतिकूल अशा बदलता येणार नाहीत, असे त्यातच लिहिले. संपूर्ण राज्ये हलविताना जे साधले, ते दोन कार्यालये हलविताना का साधू नये? माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदाही असेच म्हणतो: अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला, तर त्या कार्यालयानेच तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवावा. ओझे कचेरीवर, अर्जदारावर नव्हे. खाते बदलण्याच्या प्रत्येक शासन निर्णयात हे एक वाक्य घालावयास काय हरकत आहे?

आणि ३३८ व्या कलमाचा नववा खंड आपल्यापैकी कितीजणांनी वाचला आहे? अनुसूचित जातींवर परिणाम करणाऱ्या सर्व मोठ्या धोरणविषयक बाबींत केंद्राने व प्रत्येक राज्याने आयोगाशी विचारविनिमय करावा, असे तो सांगतो. आपले खाते मोडणे-जोडणे हा केवळ अंतर्गत कारभार आहे, असे उत्तर सरकारी वकील देतील. सतरा कार्यालयांचे काय झाले, ते मी त्यांच्यापुढे ठेवीन.

त्या मुलीसाठी आम्ही भांडण केले नाही. हस्तांतरणाच्या यादीची प्रत माहितीच्या अधिकाराखाली मागितली. यादी आली, देणाऱ्याची व घेणाऱ्याची, दोघांच्याही सह्या तिच्यावर होत्या. तिच्या अर्जाचा आवक क्रमांक मात्र त्यात नव्हता. पोचपावती तिने जपून ठेवली होती, म्हणून ती फाईल शेवटी जुन्या कार्यालयाच्या कपाटातून निघाली. रक्कम हाती पडली, तोपर्यंत तिच्या वडिलांनी फीसाठी उसने घेतले होते.