बसवत नाही, तर चाला

(वसंत व्याख्यानमालेत हैदराबादच्या मराठी श्रोत्यांसमोर दिलेले व्याख्यान, थोडे संक्षिप्त करून.)



पत्रिकेत विषय छापलाय ‘माइंडफुलनेस, एडीएचडी आणि नैराश्य’. यातलं माइंडफुलनेस म्हणजे सजगता; ती काय असते, हे या शहरात मी सांगायला नको. सत्यनारायण गोयंकांच्या परंपरेतलं धम्मखेत्त हे विपश्यना केंद्र 1976 पासून आपल्याकडे आहे आणि समोर बसलेल्यांपैकी काही जण तिथे दहा दिवस मौनात राहून आले असतील. जॉन कबाट-झिन यांनी 1979 साली मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू केलेला माइंडफुलनेसचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रमही तुम्ही ऐकून आहात. तेव्हा थेट मुद्द्यावर येतो. ध्यानाचं आणि मांडीचं लग्न कुणी लावलेलं नाही! (हशा) ज्याला बसवत नाही, त्याने चालावं. ते ध्यान कमी प्रतीचं नव्हे.

एडीएचडी असलेल्या माणसाचं लक्षच नसतं, असं आपण म्हणतो. लक्ष भरपूर असतं. ते हवं तिथे लावणं आणि हव्या वेळी काढून घेणं अवघड जातं. सामना पाच तास बघेल, विजेचं बिल मात्र भरायचं राहील. घरात त्याला धांदरट म्हणतात, शाळेत आळशी. वर्षानुवर्षं हे ऐकत मोठ्या झालेल्या कितीतरी जणांना पुढे नैराश्यही गाठतं. अशा माणसाला ‘डोळे मीट आणि अर्धा तास शांत बस’ म्हटलं, की शरीर चुळबुळायला लागतं आणि मन जुने अपमान उगाळायला. तो उठतो तो ‘मला हेही जमत नाही’ असं म्हणत.

माझ्याकडे समुपदेशनासाठी हायटेक सिटीत नोकरी करणारा एक तरुण आला, तो नेमकं हेच वाक्य घेऊन. खुर्चीवर बसलं की त्याचा गुडघा हलायला लागे. म्हटलं, चल, नामपल्लीच्या पब्लिक गार्डनमध्ये जाऊ. फोन खिशात. थोडा वेळ लक्ष फक्त टाचेवर: ती टेकते, भार पुढे सरकतो, अंगठा उचलतो. मग टाच सोडून कान. पोपटांचा कलकलाट, बाहेरच्या रस्त्यावरचे हॉर्न, माळ्याच्या पाइपातलं पाणी. मग पुन्हा टाच. लक्ष सुटलं की मोठ्यांदा सांगायचं, एवढाच नियम. जरा चाललो की तो थांबायचा, ‘हौ, गेलं!’ मी म्हणायचो, ‘कळलं ना? म्हणजे परत आलं.’ बागेत फिरणारे लोक वळून बघत. (हशा) पण सबंध विद्या त्या ‘हौ, गेलं’मध्ये आहे. मन न भटकणं हा सराव नाहीच. भटकलेलं ध्यानात येणं हा सराव आहे. या हिशेबाने ज्याचं मन जास्त भटकतं, त्याला सरावाची संधीही जास्त.

(मागून एका श्रोत्याने विचारले, “मग विपश्यना चूक म्हणायची का?”) नाही हो, मुळीच नाही. ज्यांना ती मानवली त्यांना मी हात जोडतो. पण शिबिराच्या प्रवेशअर्जात मानसिक आजाराची चौकशी असते, ती कशासाठी? तिथलं उत्तर खरं लिहा, आणि आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

आणि हे चालत ध्यान करणं काही माझ्या एकट्याच्या डोक्यातलं नाही. लिडिया झायलोव्स्का आणि सहकाऱ्यांनी 2008 साली प्रसिद्ध केलेल्या लॉस एंजेलिसमधल्या अभ्यासात एडीएचडी असलेल्या 24 प्रौढ आणि 8 किशोरवयीनांसाठी सराव पाच मिनिटांपासून सुरू केला, हळूहळू वाढवला, आणि बसवत नसेल तर चालायची मुभा दिली. बहुतेकांनी तो पुरा केला. अभ्यास लहान होता, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. तरी दिशा कळते. नैराश्याचा पुरावा अधिक भक्कम आहे. टीसडेल, सीगल, विल्यम्स यांच्या 2000 सालच्या चाचणीत 145 जण होते. ज्यांना तीन किंवा अधिक वेळा नैराश्य येऊन गेलं होतं, त्यांच्यात नेहमीच्या उपचारांवर 66 टक्के पुन्हा आजारी पडले. सजगतेच्या गटात 37 टक्के. मात्र ही माणसं त्या वेळी सावरलेली होती. ऐन नैराश्यात, अंथरुणातून उठवत नसताना, ध्यान हे पहिलं औषध नव्हे...

कार्यवाहांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं म्हणतात. (हशा) तर झटपट सांगतो. वेळ दोन-तीन मिनिटांचीच ठेवा. डोळे उघडे चालतील. श्वासाकडे लक्ष दिल्याने घुसमटत असेल तर ते तिथून काढून घ्या; पावलं, आवाज, भांडी घासताना हाताला लागणारं पाणी, काहीही धरा. रोजच्या ठरलेल्या कामाला ते जोडा, म्हणजे आठवण ठेवायचं ओझं नको. चार दिवस खंड पडला तर पाचव्या दिवशी हिशेब न मागता सुरू करा. विचारांचं चक्र वाढतंय असं वाटलं तर थांबा आणि कुणाशी तरी बोला. गोळ्या चालू असतील तर ध्यानाच्या भरवशावर बंद करू नका. तो निर्णय डॉक्टरांचा.

शेवटचं आईवडिलांना. तुमच्या घरात असं मूल असेल, मोठं झालेलं असलं तरी, त्याला ‘एका जागी बस’ म्हणणं आजपासून सोडा आणि त्याच्याबरोबर चालायला जा. आणि मरणाची भाषा कानावर आली तर थांबू नका: केंद्र सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास आणि मोफत आहे. क्रमांक आत्ताच फोनमध्ये टिपून घ्या, मी तेवढा वेळ थांबतो.