माणसे नेमण्याचे शास्त्र आणि मुरुडचा वारसा

(मुरुड, ता. दापोली येथे झालेल्या विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषणाचा संपादित भाग)



'आंतरराष्ट्रीय मनुष्यबळ व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण' असा भारदस्त विषय संयोजकांनी मला दिला आहे. मी कला शाखेचा पदवीधर, व्यवसायाने पत्रकार. व्यवस्थापनशास्त्राचा अधिकारी म्हणून मी येथे उभा नाही. मात्र कामगार, कारखाने आणि संप यांच्या बातम्या लिहिण्यात आयुष्याची बरीच वर्षे गेली. त्या अनुभवाच्या आधारे काही विचार आपल्यासमोर ठेवतो.

सभेपूर्वी चहा घेताना येथीलच एक गृहस्थ भेटले. त्यांची कन्या वाणिज्य शाखेची पदवीधर असून इंग्लंडमधील एका विद्यापीठाचे प्रवेशपत्र तिच्या हाती आले आहे. ते म्हणाले, "साहेब, माझे वडील मुंबईला गिरणीत होते. गावाकडच्याच जॉबरनं त्यांना कामाला लावलं. त्या जॉबरकडे कुठली पदवी नव्हती. आणि आता माणसं नेमायला शिकायचं म्हणून मी वीस लाखांचं कर्ज काढू?"

प्रश्न रोखठोक आहे. आजचे माझे सारे भाषण म्हणजे त्या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न समजावा.

प्रथम त्या जॉबरकडेच वळू. मुंबईच्या गिरणगावात जो कामगारवर्ग उभा राहिला, त्यातील फार मोठा भाग आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातून गेलेला होता. गिरणीचा मालक या माणसांना ओळखत नसे. त्यांना ओळखत असे तो जॉबर. तोच गावाकडून माणसे आणी, खोलीची सोय लावून देई, अडीअडचणीला उसने पैसे देई आणि या साऱ्याच्या बदल्यात 'दस्तुरी' उकळी. नोकरी देणे त्याच्या हाती, घालवणेही त्याच्याच हाती. त्याला माणसांचे ज्ञान होते, यात शंका नाही. पण त्या ज्ञानावर कोणत्याही नियमाचा अंकुश नव्हता आणि त्याची किंमत गरिबाच्या पगारातून वसूल होत असे.

या अमर्याद सत्तेला नियमांत बांधण्याच्या गरजेतूनच हे शास्त्र आपल्याकडे रुजले. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांना संघटित केले आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची साप्ताहिक सुटी मान्य केली. पुढे १९२९ ते १९३१ या काळात काम केलेल्या व्हिटले आयोगाने, कामगारभरती जॉबरच्या हातून काढून स्वतंत्र कामगार अधिकाऱ्याकडे सोपवावी, अशी शिफारस केली. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय निघाले. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. १९४७ साली बॉम्बे लेबर इन्स्टिट्यूट स्थापन झाली. परळची ही संस्था आज लोखंडे यांचेच नाव धारण करते. १९४८ च्या कारखाने कायद्याने पाचशे वा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यास कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. इंग्लंडमध्येही या व्यवसायाची संघटना १९१३ साली यॉर्क येथे उभी राहिली, ती कामगार कल्याणाचे काम करणाऱ्यांची म्हणून.

सारांश, या व्यवसायाच्या मुळाशी कल्याणाची भावना आहे. 'मानव संसाधन' हा शब्द मागाहून आला आणि मला तो आजही खटकतो. संसाधन वापरून संपवायचे असते. माणूस संध्याकाळी घरी परतायचा असतो.

आता 'आंतरराष्ट्रीय' या विशेषणाकडे येऊ. भरती, प्रशिक्षण, वेतन, शिस्त आणि कामगार संघटनांशी संबंध हे विषय तर सर्वत्र सारखेच आहेत. परंतु उद्योग एका देशातून दुसऱ्या देशात गेला की प्रश्न पडतो: नियम कोणाचे चालवायचे? मालकाच्या देशाचे, की कामगाराच्या देशाचे? वरिष्ठ पदांवर स्वदेशातून माणसे पाठवायची, तेथील स्थानिकांना नेमायचे, की तिसऱ्याच देशातून आणायचे? हॉवर्ड पर्लम्युटर या अभ्यासकाने १९६९ साली कंपन्यांच्या या मनोवृत्तींची वर्गवारी केली. स्वदेशालाच केंद्र मानणारी, यजमान देशाच्या कलाने चालणारी आणि सगळे जग एक मानून गुणवत्ता पाहणारी, अशा त्या तीन वृत्ती.

हा केवळ पुस्तकी ऊहापोह नव्हे. २००४ च्या सुमारास पुण्याच्या भारत फोर्जने जर्मनीतील कार्ल डान पेडिंगहाऊस हा उद्योग विकत घेतला. जर्मन कायद्यानुसार ज्या आस्थापनेत कामगारांची निवडलेली परिषद असते, तेथे त्या परिषदेचे म्हणणे ऐकून न घेता दिलेली बडतर्फीची नोटीस निरर्थक ठरते. दोन हजारांहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांच्या पर्यवेक्षक मंडळात निम्म्या जागा कामगारांच्या प्रतिनिधींना देण्याचा कायदा तेथे १९७६ सालचा आहे. पुण्याच्या सवयीने जर्मनीत कारभार करू पाहणारा व्यवस्थापक पहिल्याच आठवड्यात अडखळेल. उलट, २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला सुरू झाला. जर्मनीची शिस्त येथे रुजवायची, तर गणपतीला सुटी का लागते आणि वरिष्ठासमोर तरुण अभियंता गप्प का बसतो, हे जर्मन अधिकाऱ्यालाही शिकावे लागते.

या 'गप्प बसण्या'चाही अभ्यास झालेला आहे. गेर्ट होफस्टेड या डच संशोधकाने आयबीएम कंपनीच्या अनेक देशांतील कर्मचाऱ्यांची मते तपासून १९८० साली ग्रंथ लिहिला. वरिष्ठ-कनिष्ठांतील अंतर लोक कितपत स्वाभाविक मानतात, याचे मोजमाप त्यात आहे आणि भारताचा आकडा बराच वरचा आहे. विद्यार्थ्यांना माझे सांगणे एवढेच की, हे आकडे कुंडलीसारखे वाचू नका. एका कंपनीतल्या नोकरवर्गावरून सबंध देशाचा स्वभाव ठरत नसतो. मुरुडचा माणूस आणि नागपूरचा माणूस एका मापाने मोजता येत नाही, हे तुम्हाला कोणी सांगावे लागत नाही.

या विषयाची एक बाजू आपल्या अधिक जवळची आहे. कोकणातील कितीतरी घरांचा चरितार्थ आखातातून येणाऱ्या पैशावर चालतो. १२ जून २०२४ रोजी कुवेतमध्ये मंगाफ येथे कामगारांच्या निवासी इमारतीस आग लागली आणि चाळीसहून अधिक भारतीय मृत्युमुखी पडले. कामगाराला कोठे राहावयास दिले, एका खोलीत किती जण ठेवले, सुटकेचा मार्ग मोकळा आहे काय, हे पाहणे मनुष्यबळ विभागाचेच काम आहे. परदेशी नोकरीसाठी दलालाने किती पैसे घेतले, विमानतळावर उतरल्यावर दुसराच करार पुढे केला काय, हेही त्याच विभागाने विचारायचे असते. जुना जॉबर नाहीसा झालेला नाही. त्याने आता पासपोर्ट काढला आहे. त्याला आवर घालू शकेल असा जाणकार, कायदा माहीत असलेला आणि कोकणी घरात वाढलेला अधिकारी त्या कंपन्यांत असावा, असे मला मनापासून वाटते.

आता व्यवहाराचे बोलू. पालकहो, केवळ परदेशी पदवीच्या नावाला भुलून कर्ज काढू नका. या शाखेत अनुभवाला मोल आहे. शक्य असेल तर आधी वर्ष-दोन वर्षे चिपळूणजवळच्या लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत किंवा पुणे-मुंबईकडे एखाद्या कारखान्यात काम करावे. हजेरी, पगारपत्रक, भविष्यनिर्वाह निधी आणि कामगारांची गाऱ्हाणी प्रत्यक्ष पाहिलेल्या विद्यार्थ्याला वर्गातले सिद्धांत चटकन उमगतात. आपला कायदा आधी शिकावा. चार नव्या श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आहेत. कल्याण अधिकाऱ्यासाठीची पाचशेची मर्यादा त्यांनी अडीचशेवर आणली आहे. म्हणजे या जाणकारांची गरज देशातही वाढणार आहे.

दुसरे म्हणजे, शिक्षणानंतर परदेशात राहता येईलच, असे गृहीत धरून हिशेब मांडू नका. ब्रिटनने पदवीनंतर दोन वर्षे काम करण्याची सवलत २०१२ साली बंद केली, २०२१ मध्ये पुन्हा दिली आणि १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी ती १८ महिन्यांवर आणण्याचे जाहीर केले. परक्या सरकारच्या धोरणावर आपल्या घराचे तारण ठेवणे शहाणपणाचे नाही. कर्जाचा हप्ता भारतातील पगारातून फिटेल काय, हे आधी पाहावे. न फिटणारा असेल, तर टाटा संस्थेचा किंवा परळचा मार्ग कमी प्रतिष्ठेचा नाही. आणि इंग्रजीखेरीज जर्मन, जपानी वा अरबी यांपैकी एक भाषा शिकण्यास आजच प्रारंभ करावा.

शेवटी, ज्यांच्यामुळे मुरुडचे नाव देशभर गेले, त्यांचे स्मरण करतो. महर्षी धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठी येथून सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्यास गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही, ही कथा आपणास ठाऊकच आहे. पुढे जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या हाती पडली. त्यांनी तो नमुना जसाच्या तसा उचलला नाही. १९१६ साली त्यांनी जे विद्यापीठ उभे केले, त्यात शिक्षणाचे माध्यम मातृभाषा ठेवले. कल्पना जपानची घेतली, पण तिला घरची माती दिली. आणि १९२९ साली, वयाच्या ७१ व्या वर्षी, ते जगाच्या प्रवासास निघाले. युरोप, अमेरिका आणि जपान पाहून परतले.

बाहेरचे ज्ञान कसे आणावे, याचा याहून चांगला धडा कोणत्या विद्यापीठात मिळणार?

म्हणून त्या गृहस्थांना माझे उत्तर असे आहे: भाऊ, आपल्या वडिलांना कामाला लावणाऱ्या जॉबरकडे पदवी नव्हती, हे खरे. पण त्याच्याविरुद्ध दाद मागायला आपल्या वडिलांकडे कोणी नव्हते, हेही तितकेच खरे. आपली मुलगी तो 'कोणीतरी' होणार असेल, तर तिला अवश्य शिकवा. कर्ज पुढच्या वर्षी काढा; यंदा तिला कारखान्याच्या फाटकाशी उभी करा, हजेरीच्या रांगेतली माणसे पाहू द्या. त्या माणसांची नावे तिला आपणहून विचाराविशी वाटली, तर तिचा अभ्यास सुरू झाला असे समजा.