छत्तीस घनफुटांतला खलाशी
(वालीव, वसई पूर्व येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

सहा फूट उंच, तीन फूट रुंद आणि दोन फूट खोल असे लोखंडी कपाट डोळ्यांसमोर आणा. त्याचे आकारमान छत्तीस घनफूट भरते. ब्रिटिश अमदानीत भारतातल्या कायद्याने आगबोटीवरच्या हिंदी खलाशाला राहण्यासाठी ठरवून दिलेली जागा एवढीच होती. याच मापात त्याने झोपायचे, कपडे ठेवायचे, ताप भरला तर पडून राहायचे आणि वर्ष-वर्ष काढायचे. गोऱ्या खलाशाला विलायतेच्या १८९४ च्या कायद्याने ७२ घनफूट जागा होती. १९०६ साली ती १२० घनफूट झाली. पी. अँड ओ. ही आगबोट कंपनी आणि विलायत सरकारचे बोर्ड ऑफ ट्रेड हे खाते यांच्यात या छत्तीसच्या आकड्यावरून मोठा वाद झाला. हिंदी माणसाला भारतातल्या कायद्याची जागा पुरे, ही कंपनीची बाजू होती.

हा भेद वर्णाचा होता, आणि पैशाचाही होता. बोटीच्या पोटातली जी जागा माणसाला जाते ती मालाच्या भाड्यातून वजा होते. म्हणून त्या काळी बोट बांधताना आधी वखारी आखल्या जात, मग इंजिन, मग कोळशाच्या कोठ्या, मग उतारूंच्या केबिनी. खलाशांसाठी उरायचे ते नाकाकडचे टोक. नाळेच्या आतल्या त्या निमुळत्या जागेत दुमजली फळ्या ठोकलेल्या असत. नांगराची साखळी शेजारून धावे. समुद्र खवळला की बोटीचे नाक सगळ्यात आधी उचलले जाई आणि सगळ्यात जोरात आपटे. सांध्यांतून पाणी झिरपे, अंथरूण ओले राही, आणि उजेड-वाऱ्याची वाट लाटेच्या भीतीने बंद करावी लागे. कपडे वाळत घालायला वेगळी जागा नसे, ते माणसांच्या डोक्यावरच लोंबत.

ही माणसे कुठली होती? डेकवरचे खलाशी मोठ्या संख्येने कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या मुसलमान वस्त्यांतले, तसेच गुजरातच्या किनाऱ्यावरचे. भट्टीखान्यात पंजाबी आणि पठाण. जेवणघरात आणि उतारूंच्या सेवेला गोव्याचे ख्रिस्ती. एकाच बोटीवर तीन वेगळी गावे नांदत, आणि प्रत्येकाची उतरंड ठरलेली असे. डेकवर सारंग, त्याच्या हाताखाली टंडेल, मग कसाब, सुकाणी, खलाशी. इंजिनाकडे आगवाला, तेलवाला आणि सगळ्यात खाली कोळसा वाहणारा. स्वयंपाकाला भंडारी, सफाईला टोपस. पगार गोऱ्या माणसाच्या तृतीयांशापासून पंचमांशापर्यंत.

भट्टीखान्याबद्दल थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण जुन्या बोटीवरचे सर्वांत कठीण आयुष्य तिथे होते. चार तास काम, आठ तास सुटी, पुन्हा चार तास, अशी पाळी दिवसरात्र फिरे. कोळसा वाहणारा कोठीत शिरून ढीग उपसायचा, ढकलगाडीत भरायचा आणि भट्टीच्या तोंडाशी आणून ओतायचा. प्रवास सुरू झाला तेव्हा कोळसा जवळ असे, पण दिवस जातील तशी कोठी रिकामी होत जाई आणि त्याची फेरी लांबत जाई. कोठीत उजेड जवळजवळ नाही आणि धूळ नाकातोंडात. आगवाला भट्टीचे दार उघडून फावड्याने कोळसा पसरायचा, लांब सळईने निखारा फोडायचा, राख ओढून काढायचा. ती तापलेली राख पाणी मारून, बादल्यांत भरून वर चढवायची आणि समुद्रात टाकायची, हे काम पाळीच्या शेवटी, अंगात त्राण उरलेले नसताना. बोट हलत असते. तोल गेला तर हात टेकायला समोर तापलेले लोखंड असते.

तांबड्या समुद्रात मागून वारा आला म्हणजे बोट आणि वारा एकाच वेगाने चालत. मग वरून हवा ओढणाऱ्या नळांतून काहीच खाली येत नसे. अशा वेळी भट्टीखान्यात माणसे उष्माघाताने कोसळत. त्यांना उचलून डेकवर आणायचे, अंगावर पाणी ओतायचे आणि शुद्धीवर आले की पुन्हा खाली पाठवायचे. उष्णता असह्य होऊन आगवाल्यांनी समुद्रात उडी घेतल्याच्या घटना आहेत. हिंदी माणसाला उन्हाची सवय असते, म्हणून भट्टी त्यालाच मानवते, असे त्या काळी कंपन्या उघडपणे म्हणत. भट्टीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाला जन्मगावच्या उन्हाचा काय उपयोग होणार?

जेवण करारात लिहून दिलेले असे. तांदूळ, डाळ, तूप, सुके मासे, मसाला, मीठ, चहा. डेकचा भंडारी वेगळा, इंजिनाचा वेगळा, कारण खाणाऱ्यांच्या चालीरीती वेगळ्या. कागदावरचे माप भरायचे, पण महिनोन्महिने भाजी-फळांचा पत्ता नसे. बेरीबेरी हा पाय सुजवणारा, हृदय कमजोर करणारा रोग हिंदी खलाशांत आढळे. सडीक तांदळावर दिवस काढणाऱ्याला ब-१ जीवनसत्त्व मिळत नाही, हे शास्त्राला पुढे विसाव्या शतकात नीट उमगले. गोडे पाणी मोजून मिळे. आंघोळ बहुतेक खाऱ्या पाण्याची, आणि भट्टीतून आलेल्या माणसाच्या अंगावरची काजळी खाऱ्या पाण्याने निघत नाही. क्षयरोगाचे प्रमाणही मोठे होते. कोंदट जागा, एकाचा खोकला दुसऱ्याच्या तोंडावर आणि कोळशाची धूळ, इतके असल्यावर वेगळे कारण शोधायला नको.

नोकरी मिळवणे हाही छळ होता. बोटीवर माणसे घेण्याचे काम सारंगाच्या हातात. त्याला पैसे चारल्याशिवाय नाव लागत नसे. ते पैसे सावकाराकडून यायचे, म्हणजे खलाशी बोटीवर पाय ठेवायच्या आधीच कर्जात. १९२९ मध्ये नेमलेल्या मजूरविषयक शाही आयोगाने या लाचखोरीची दखल घेतली, पण मुंबईत खलाशांची रीतसर रोजगार कचेरी उभी राहायला स्वातंत्र्य उजाडावे लागले. मधल्या काळात बेकार खलाशी राहायचे कुठे? गोव्याच्या लोकांनी यावर आपला उपाय काढला होता. धोबीतलाव, माझगाव भागांत त्यांचे कूड होते. एकेका गावाचा एकेक कूड, भिंतीला रांगेने लावलेल्या पेट्या, वेदी आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना. दोन प्रवासांमधले महिने स्वस्तात काढण्याची ती सोय गावाने गावासाठी केलेली होती.

खलाशांच्या संघटनेचे नाव निघाले की भारत सेवक समाजाचे दिनकर देसाई आठवले पाहिजेत. कन्नडमध्ये ते कवी म्हणून ओळखले जातात. मुंबईत मात्र त्यांनी खलाशांच्या संघटनेत वर्षे घातली आणि भारतातल्या सागरी कामगारांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले.

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध पेटले आणि विलायतेच्या बंदरांत उभ्या बोटींवरच्या हिंदी खलाशांनी पगारवाढीसाठी संप केला. काहींना तुरुंगात टाकले, पण अखेरीस पगार वाढवावा लागला. मग आला पाणबुड्यांचा काळ. १७ सप्टेंबर १९४० च्या रात्री अटलांटिकमध्ये सिटी ऑफ बनारस ही बोट बुडवली गेली. युद्धापासून दूर, कॅनडाला सुरक्षित ठेवण्यासाठी पाठवलेल्या ९० ब्रिटिश मुलांपैकी ७७ मुले तीत गेली, आणि ते दुःख इंग्लंडने जपून ठेवले. त्याच बोटीवर शंभराहून अधिक हिंदी खलाशी मेले, पुष्कळसे होड्यांमध्ये थंडीने गारठून. त्या महायुद्धात सुमारे ६,६०० हिंदी व्यापारी खलाशांनी प्राण गमावले. मुंबईत मस्जिद बंदरजवळ इंडियन सेलर्स होमच्या इमारतीत स्मारक आहे. पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून अधिक आणि दुसऱ्यातल्या सुमारे सहा हजार नाविकांची नावे तिथे नोंदलेली आहेत, समुद्राशिवाय ज्यांना दुसरी कबर मिळाली नाही अशांची. वसईहून लोकलने दीड-दोन तासांत तिथे पोहोचता येते. शाळांच्या सहली किल्ल्यावर जातात तशा तिथेही गेल्या पाहिजेत.

भारतीय मालकीच्या सिंदिया जहाज कंपनीची सुरुवातही जुन्या बोटीनेच झाली. ५ एप्रिल १९१९ रोजी तिची लॉयल्टी ही बोट मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस आपण राष्ट्रीय नौकानयन दिन म्हणून पाळतो. सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतलेली ही बोट १८९१ पासून एम्प्रेस ऑफ इंडिया या नावाने प्रशांत महासागरात धावलेली होती. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या महाराजांनी तिचे रुग्णालय केले होते. १९२३ मध्ये ती मुंबईतच मोडीत निघाली. परकीय कंपन्यांशी टक्कर देणाऱ्यांना नवी बोट कुठून परवडणार? जुनी घ्यायची आणि चालवायची, हाच मार्ग होता. पण बोट जुनी घेतली की तिच्यातल्या भिंती, फळ्या, नळ आणि न्हाणीघरेही जुनीच येतात, आणि ही गोष्ट आजही तितकीच खरी आहे.

नियम सुधारत गेले. १९४९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने मोठ्या बोटीवर माणशी साधारण ३० चौरस फूट आणि एका खोलीत जास्तीत जास्त चौघे असे माप घातले. त्यातही, जिथे खलाशी जास्त संख्येने ठेवण्याचा रिवाज आहे अशा बोटींना जागा कमी करण्याची मुभा ठेवली. हा रिवाज आशियाई खलाशांच्या बोटींवरचाच होता, म्हणजे जुना भेद नव्या कलमात तसाच उतरला. २००६ च्या सागरी कामगार कराराने मात्र मोठी मजल मारली. ३,००० टनांवरच्या मालवाहू बोटीवर प्रत्येकाला स्वतंत्र खोली, आणि १०,००० टनांच्या पुढे किमान ७ चौरस मीटर. हा करार २० ऑगस्ट २०१३ ला अमलात आला, भारताने तो ९ ऑक्टोबर २०१५ रोजी स्वीकारला. त्यातली एक तरतूद घराघरांत कळली पाहिजे. खोलीच्या बांधणीचे हे नियम करार लागू झाल्यानंतर बांधलेल्या बोटींना आहेत. त्याआधीच्या बोटीला तिच्या काळचे नियम चालतात. बोटी पंचवीस-तीस वर्षे पाण्यावर असतात, तेव्हा २०१० साली बांधलेली बोट अजून बराच काळ जुन्या मापाने माणसे वागवू शकते.

जुन्या बोटीचा मालक अडचणीत आला तर तो बोटही सोडतो आणि माणसेही. जुलै २०११ च्या शेवटी जुहूच्या वाळूत पवित नावाची बोट येऊन रुतली, तेव्हा ती ओमानच्या समुद्रात आधीच सोडलेली होती. खलाशी सुदैवाने वाचवले गेले होते. एम. टी. इबावरच्या माणसांचे तसे झाले नाही. संयुक्त अरब अमिरातीच्या किनाऱ्यावर २०२१ च्या जानेवारीत ती बोट लागली, तेव्हा तिच्यावरचे पाचजण, त्यांत भारतीयही, पगाराविना कित्येक महिने अडकलेले होते. जानेवारी २०१७ पासून अशा प्रसंगासाठी बोटीला विमा लागतो आणि त्यातून चार महिन्यांपर्यंतचा थकीत पगार व घरी परतण्याचा खर्च निघतो. दोन महिने पगार थकला की खलाशाला सोडून दिले असे मानता येते. पण बोटीचा विमाच संपलेला असेल, तर हा हक्क वसूल करायला वर्षे जातात.

वालीवच्या कारखान्यांत फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन म्हणून हात बसलेली मुले आज बोटीवर जाऊ पाहतात, आणि त्यांनी जरूर जावे. पण घरच्यांनी चार गोष्टी हट्टाने विचाराव्यात. नोकरी देणाऱ्या एजंटाकडे नौवहन महासंचालनालयाचा भरतीचा परवाना आहे का? तो नोकरीसाठी पैसे मागतो का? मागत असेल तर तिथूनच परत फिरावे, कारण खलाशाकडून भरतीचे शुल्क घ्यायला मनाई आहे. बोट कोणत्या साली बांधली आणि तिच्यावर झेंडा कुठल्या देशाचा? पगार थकल्यास पैसे देणारा विमा चालू आहे का? करारपत्राची सही झालेली एक प्रत घरी ठेवा, आणि मुलाचा फोन आला की जेवण, पाणी आणि झोपायची जागा यांची चौकशी पगाराच्या आधी करा.